काळी तार

मी यंत्र बसवलं त्या सकाळी आण्णांच्या कामाच्या पाटावर एकोणीस वस्तू होत्या. चिमटे चार, कानशी तीन, तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी, फुंकणी, जोडकामाच्या सवागीची वाटी, पितळी ब्रश, रिठ्याच्या पाण्याचा वाडगा, अर्धवट झालेल्या पैंजणाचे दोन पदर आणि सुट्या घुंगरांची एक ताटली. ही ताटली मी एकच वस्तू धरली. असे पंधरा नग आण्णांचे. उरलेले चार माझे: मोटर बसवलेली तळहाताएवढी डबी, तिच्यात बसणारी बोटाच्या पेराएवढी कांडी, घाम टिपायच्या कागदी पट्ट्यांचं पाकीट आणि सुईएवढी एक तार. तार चांदीची होती. सगळ्या पाटावर चांदीची असून काळी अशी ती एकटीच.

हुपरीत असे पाट घरोघरी आहेत. डबी त्या मानानं नवी, पण दोन-तीन वर्षांत तीही बहुतेक घरांत आली होती, देव्हाऱ्याशेजारी नाहीतर फ्रीजवर. तिचं खरं नाव लांबलचक आहे. लोक तिला 'कडं' म्हणतात. "कडं किती?" म्हणून विचारलं की समोरच्यानं आपला अंक सांगायचा. स्थळ बघायला आलेले विचारतात, गाडीचा परवाना देणारे विचारतात, आणि अलीकडे कारागिरांना विश्वासावर चांदी देणारे व्यापारीही विचारू लागले होते. चाळिसाच्या आत असलं की पुढची बोलणी.

हा अंक विस्मृतीचा. मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडतं, ते शेजारच्यालाही तसंच दुमडायला लावतं, आणि त्यांचे तंतू बनत जातात. माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्या प्रथिनाचे तुकडे अगदी थोडे थोडे घामात उतरतात. ते पकडायचं काम कांडीचं. तिच्या टोकाला मधोमध कार्बनची चकती, चकतीभोवती केसाएवढी निरोधक फट आणि फटीबाहेर प्लॅटिनमचं बारीक कडं. कांडी घामाच्या थेंबात गरगर फिरते. चकतीवर त्या तुकड्यांचं ऑक्सिडीकरण होतं, जे तयार होतं ते फिरण्यामुळे बाहेर फेकलं जातं आणि कड्यावर पोचतं. कडं थेंबात काही बनवायला बसलेलं नसतं. ते वाट बघतं आणि जे आलं त्याचा विद्युतप्रवाह दाखवतं. म्हणून त्याला शोधक इलेक्ट्रोड म्हणतात.

यात एक अट आहे. कड्याचा विभव, म्हणजे त्याची विद्युत पातळी, ठरलेल्या जागी धरून ठेवला तरच ते नेमक्या पदार्थाला उत्तर देतं. विभव जरा सरकला की घामातलं युरिक आम्लही मोजलं जातं, आणि ते तर भरपूर असतं. मग अंक फुगतो. पण विभव धरायचा तो कशाच्या तुलनेत? डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, तशी आमची समुद्रसपाटी म्हणजे ती काळी तार. चांदी, आणि तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा पातळ थर. तारेचा काळपट रंग त्या थराचाच.

एम.एस्सी. झाल्यावर मी कोल्हापूरच्या एका तपासणी केंद्रात लागले, ती ही कडी बसवायच्या कामावर. आण्णा, म्हणजे माझे वडील भूपाल मगदूम, कुणालाच आपला घाम द्यायला तयार नव्हते. "माझ्या तिशानं केलंय न्हवं? मग घ्या," एवढ्यावर कबूल झाले. पहिल्या महिन्यात त्यांचा अंक एकतीस ते छत्तीसच्या मध्ये होता. मग एका आठवड्यात तो सत्तेचाळिसावर गेला.

"आज कडं किती आलं गं?" आईनं चुलीपासून विचारलं.

"अठ्ठावन्न."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"काल बावन्न हुतं न्हवं?"

"हो."

"म्हंजे चढतंयच."

"चढू दे की," आण्णा घुंगरातून डोकं वर न काढता म्हणाले. "शाळंत कधी पस्तिसाच्या वर गेलो न्हवतो. म्हातारपणी फस्ट क्लासला टेकलो."

आई हसली नाही. मीही नाही.

केंद्रातल्या डॉक्टर इनामदार मॅडम गोड बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात. त्यांनी आण्णांना समोर बसवून सरळ सांगितलं. अंक असाच चढत राहिला तर तंतू पसरतायत असं धरायचं. त्यावर इंजेक्शन आहे. ते तंतूंचं पसरणं थांबवतं, पण झालेलं नुकसान भरून काढत नाही. त्यामुळे जितकं लवकर तितकं चांगलं.

"आन् त्याचं वंगाळ काय?" आण्णांनी विचारलं. "औषध म्हटलं की वंगाळ असतंयच."

"बोटांच्या टोकांच्या नसा. दहातल्या नऊ जणांची तिथली संवेदना कमी होते आणि परत येत नाही. कंपासची दोन टोकं बोटावर टेकवली तर तुम्हाला-मला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरही ती दोन आहेत हे कळतं. इंजेक्शननंतर आठ-दहा मिलिमीटरपर्यंत एकच टोक आहे असं वाटतं. बाकी जेवणखाण, कपडे, गाडी, सगळं जमतं."

"घुंगरू?"

"म्हणजे?"

आण्णांनी खिशातून एक घुंगरू काढून टेबलावर ठेवलं. ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. "ह्याला डाख लावताना, म्हंजे सांधा जोडताना, धूर असतोय, दिसत काय न्हाई. डाख वितळला की चिमट्यातनं बोटाला कळतंय. सुटल्यागत हुतंय."

मॅडमनी घुंगरू उचलून बघितलं, परत दिलं. "ते नाही जमणार," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तारीख सांगितली. मात्रा ज्याची त्याच्या नावानं बनते, बनवून ठेवता येत नाही. आण्णांची पुढच्या शुक्रवारी. ती सोडली तर पुढची पाळी चार महिन्यांनी.

परतताना गाडी मी चालवत होते.

"डोकं ठेवायचं तर बोटं द्यायची," पट्टणकोडोली गावाजवळ ते म्हणाले. "आसा कसला वेव्हार गं?"

"आण्णा, इंजेक्शन घ्या."

"तुला लगेच उत्तर येतंय."

"आकडा समोर आहे. रोज पाच-सहानं वाढतोय."

"तुझ्या आकड्याला घुंगरू लावता येतंय काय?"

घरी पोचेपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. रात्री त्यांनी ताक मागितलं ते आईकडे, मी ताकाच्या भांड्याशेजारीच बसले असून.

दुसऱ्या दिवशी अंक सदुसष्ट आला. रोज कांडी लावायची, बटण दाबायचं, आकडा लिहायचा, अशी मला सवय झाली होती. त्या दिवशी आकडा न पटल्यामुळे मी डबीचं झाकण काढून तार उजेडात धरली. ती चकाकत होती. नव्या पैंजणासारखी, लख्ख.

"आण्णा, ही तार कुणी घासली?"

"मीच की. दोनेक आठवडं झालं, रोज घासतोय." त्यांना कौतुकाची अपेक्षा होती. "काळी पडत्या ती. लेकीचं यंत्र, आन् आत काळी चांदी? लोकं शेण घालतील तोंडात."

"कशानं घासलीत?"

"आधी रिठा. मग जराशी रांगोळी, बोटानं."

मी तिथंच पाटाशेजारी बसले आणि हसायला लागले. मला थांबताच येईना. आई घाबरून बाहेर आली. मी दोघांना सांगितलं, की हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, तोच तारेचा कामाचा भाग आहे. तो काढला की तारेला स्वतःची जागा राहत नाही, ती सरकते, तिच्याबरोबर कड्याचा विभव सरकतो आणि भलतंच काहीतरी मोजलं जातं. आण्णा, तुम्ही समुद्रच घासून टाकलात.

"चाळीस वरसं हेच," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझी जोडवी काढून घ्येतली आन् घासत बसले. सासूबाई म्हणाल्या, आगं, त्यो तुला बघत न्हाई, तुझी चांदी बघतोय."

"काळीच हुती ती जोडवी," आण्णा म्हणाले. "तुझ्या बापानं कुठनं आणलेली द्येव जाणे."

मी नवी तार बसवली आणि आण्णांकडून वदवून घेतलं. "काय करायचं नाही?"

"घासायची न्हाई."

"काळी पडली तर?"

"काळी ऱ्हाऊ दे. काळं त्ये चांगलं." ते आईकडे वळले. "ऐकलंस? सोनाराच्या घरात काळं त्ये चांगलं. आता तव्याला पण हात लावू नको."

नव्या तारेवर अंक आला त्रेचाळीस. सदुसष्ट नव्हे, पण चाळिसाच्या आतही नव्हे. मी मॅडमना फोन केला.

"एका दिवसाच्या अंकावर काही ठरत नाही, हे तुला मी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "घाम रोज वेगळा असतो. एकाच तारेवर सात दिवसांची रेषा हवी. आणि शुक्रवार सात दिवसांच्या आत येतोय."

"पुढे ढकलला तर?"

"चार महिने. तंतू नसतील तर काही बिघडत नाही. असतील तर चार महिन्यांत काय जाईल ते मला सांगता येणार नाही."

तरीही मी दोन दिवस हलकी होते. आण्णांनी पैंजणाचा एक पदर पुरा केला. आईनं शेजारच्या रत्नाकाकूंना जोडव्यांची गोष्ट परत सांगितली.

तिसऱ्या सकाळी झाकण उघडलं. तार चकाकत होती.

"आण्णा."

"काय गं?"

"ही तार."

"काळी पडली हुती. घासली." त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर तेच कौतुक. "लेकीचं यंत्र, आन् आत काळी चांदी? लोकं शेण घालतील तोंडात."

शब्दसुद्धा तेच होते. आई दारात उभी होती, तिच्या हातात निवडायची मेथी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"परवा बोललो होतो आपण. घासायची नाही म्हणून."

त्यांनी तारेकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हां," ते म्हणाले. "म्हणली हुतीस." पण त्यांना ते आठवलं होतं, की माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ते ओळखलं होतं, हे मला कळेना. आणि मग ते चिडले. "चाळीस वरसं हात काळी चांदी दिसली की चालतोय. डोक्याला इचारत बसत न्हाई. आता ह्यात पण रोग काढ!"

"हात हाय त्यो," आई घाईनं म्हणाली. "हाताला काय कान असत्यात व्हय?"

दोन स्पष्टीकरणं होती, आणि दोन्ही त्या एका तारेवर बरोबर बसत होती. एक, सवय. दुसरं मला उच्चारायचं नव्हतं. ज्या चुकीमुळे तो मोठा आकडा खोटा ठरला, तीच चूक आता आकड्यापेक्षा मोठी होऊन समोर पडली होती. ते खरंच विसरत असतील, तर माझं यंत्र त्यांना कधीच मोजू शकणार नव्हतं, कारण ते विसरून तेच बिघडवणार होते. डबी कपाटात ठेवून कुलूप लावता आलं असतं. पण सात दिवस नव्हते.

हे मी मॅडमना सांगितलं. "सवय की लक्षण, हे मी ऐकून सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तंतूच बघायला हवेत. पुण्याला ओल्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. बुधवारची वेळ मागते."

पुण्याला आम्ही दोघंच गेलो. तिथं आण्णांच्या नाकातल्या अस्तराजवळचा द्रव घेतला. सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या सबिहा शेख माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी आण्णांना खुर्ची दिली आणि आत काय चाललंय ते बघायला पडदा त्यांच्याकडे वळवला.

साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी लागते, आणि निर्वातात ओला नमुना वाळून जातो. या यंत्रात नमुन्याभोवती थोडी पाण्याची वाफ राहू देतात. वरून इलेक्ट्रॉनची शलाका पडली की नमुन्यातून अगदी दुबळे इलेक्ट्रॉन बाहेर येतात. शलाकेच्या छिद्राभोवती धनभारित कडं बसवलेलं असतं, ते त्यांना ओढतं. वाटेत ते वाफेच्या रेणूंवर आदळतात, प्रत्येक धडकेत आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, आणि निघालेल्या एकाचे कड्यापर्यंत शेकडो होतात. त्यांच्या कमी-जास्त प्रवाहातून पडद्यावर चित्र उमटतं.

हे मी आण्णांना जेवढं जमेल तेवढं सांगितलं.

"हितं पण कडंच की," ते म्हणाले. मग सबिहाकडे वळून, "ह्येला कोण घासत न्हाई न्हवं?"

"हात लावला तर आमचे सर मला घासतील, काका."

आण्णा मोठ्यानं हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग पडद्यावर पहिली चौकट आली आणि ते पुढे वाकले.

करड्या पार्श्वभूमीवर पांढरे, सरळ, लांब धागे होते.

"ह्या तारा माझ्या?"

"हो."

"किती बारीक?"

"तुम्ही ओढता त्या सगळ्यात बारीक तारेपेक्षा दहा हजार पट बारीक."

ते बराच वेळ बघत राहिले. "एक सुदीक तुटल्याली न्हाई," ते म्हणाले.

वीस चौकटी घ्यायच्या, दोघींनी वेगवेगळे तंतू मोजायचे आणि शेवटीच आकडे एकमेकींना दाखवायचे, अशी तिथली पद्धत. निरोगी माणसात चौकटीला सरासरी पाचपर्यंत तंतू सापडतात. माझे एकूण तीनशे बेचाळीस झाले. सबिहाचे तीनशे अडतीस. सरासरी सतरा.

बाहेर चहाच्या टपरीवर आण्णांनी बशीत चहा ओतला, पण तोंडाला लावला नाही.

"बोल."

"काय बोलू?"

"परवा घ्या घ्या म्हणून डोस्कं खाल्लंस. आता का गप?"

"परवा माझ्याकडं चुकीचा आकडा होता."

"आन् आज खरा हाय, तर तोंड बंद?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बशी तीन बोटांवर तोललेली होती आणि चहा जराही हलत नव्हता.

"तुझी आई सकाळी गाडीत डबा द्यायला आली तवा काय म्हणली ठावं हाय?" ते म्हणाले. "म्हणली, चांदी काळी झाली तर चालंल, मला वळखा म्हंजे झालं." त्यांनी चहा पिऊन बशी खाली ठेवली. "शुक्रवारी जाऊ. पर एक कर. जे जाणार हाय ते किती हुतं, ते आधी मोजून ठेव. मागनं कोण म्हणायला नको, ह्या म्हाताऱ्याला येतच न्हवतं."

गुरुवारी त्यांनी पैंजणाचा दुसरा पदर संपवला. शेवटचं घुंगरू लागल्यावर मी कंपास घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताच्या तर्जनीवर मी टोकं टेकवत गेले आणि अंतर कमी करत गेले. "दोन," ते म्हणत होते. "दोन. दोन. हां, दोनच." दीड मिलिमीटरला ते पहिल्यांदा "एक" म्हणाले. तेही अडखळत.

शुक्रवारी इंजेक्शन झालं.

पहिला महिना ते पाटासमोर बसत, चिमटा उचलत आणि ठेवून देत. एकदा तापलेलं घुंगरू त्यांनी बोटात धरून ठेवलं. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा आई धावली. त्यानंतर डाखाचं काम आई करू लागली आणि आण्णा शेजारी बसून सांगू लागले.

"अजून तापीव."

"तापलंय."

"मी सांगतो न्हवं, अजून."

"तुमाला काय कळतंय आता?" असं तिच्या तोंडून गेलं. मग तिनं पुढचं घुंगरू उचललं आणि विचारलं, "आता सोडू?"

"थांब," आण्णा म्हणाले. ते ज्योतीकडे बघत होते. "आता सोड."

अंक पुन्हा घ्यायची वेळ सहा महिन्यांनी आली. मी नवी तार बसवली. या वेळी आण्णांना काहीच सांगितलं नाही, वदवूनही घेतलं नाही. आईलाही गप्प राहायला सांगितलं. मागचं सांगणं त्यांच्या लक्षात आहे का, ते तारच सांगणार होती. डबी कपाटात ठेवली नाही. पाटावर, रिठ्याच्या वाडग्याशेजारी ठेवली, आणि तिच्याजवळ चिमूटभर रांगोळीची वाटी होती ती हलवली नाही. रोज सकाळी अंक घेतला, पण झाकण उघडून आत बघितलं नाही.

आठव्या दिवशी तार काढून केंद्रात नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

सात दिवसांचा सरासरी अंक एकोणतीस. उजव्या तर्जनीवर दोन टोकांतलं अंतर नऊ मिलिमीटर. तारेवर क्लोराइडचा थर सलग, जाडी सरासरी चार मायक्रोमीटर. घासल्याच्या रेघा शून्य.